वसईच्या कोटांतील पडकें देऊळ

नाशिकास जाऊन आलेल्या प्रत्येक कुटुंबानें नारोशंकराची घंटा पाहिलेली असते. गोदावरीच्या कांठचें रामेश्वराचें देऊळ, त्याच्या तटावर टांगलेली ती प्रचंड घंटा, आणि घरांतील मोठ्या आवाजाच्या मंडळीस तिच्या नांवानें बसणारे टोमणे, हें सर्व आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु त्या घंटेवरील अक्षरें देवनागरी नाहींत, मोडीही नाहींत. तीं रोमन वळणाचीं असून त्यांत १७२१ हा इसवी सन आहे, ही गोष्ट फारच थोडे यात्रेकरू लक्षांत घेतात. मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यामागें, कृष्णेच्या घाटावर, अशीच एक घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूस घेतलेली मेरी असून साल १७०७ आहे. भीमाशंकरींही अशी एक आहे. ह्या घंटा चिमाजीअप्पांच्या वसईच्या विजयानंतर तिकडील ख्रिस्ती देवळांतून आल्या, असें परंपरा सांगते. अभिमानानें आपण इतकें सांगतों आणि थांबतों. ज्या मनोऱ्यांवरून अशा घंटा उतरल्या ते मनोरे कोणाचे, ते कोणीं व कशासाठीं बांधिले, आणि घंटा गेल्यावर तेथें काय उरलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. ह्या महिन्याचें आमचें पान त्या प्रश्नास वाहिलेलें आहे.

मंगरूळपिरासारख्या वऱ्हाडांतील गांवीं बसून समुद्रकांठच्या फिरंग्यांच्या देवळाची चौकशी करण्याचें प्रयोजन काय, असें कोणी म्हणेल. आमच्या गांवाच्या नांवांतील 'पीर' हा शब्दच दर्ग्यावरून आलेला आहे. मंगरूळ हा एक शब्द आणि पीर हा दुसरा, असे दोन धर्मांचे शब्द आम्ही रोज एका श्वासांत उच्चारतों आणि त्यांत कांहीं विशेष आहे असें आम्हांस वाटतही नाहीं. दुसऱ्याच्या देवस्थानाकडे पाहण्याची ही संवय ज्यांना आयतीच लाभली, त्यांनीं वसईच्या चौकशीस लाजण्याचें कारण दिसत नाहीं.

सुशिक्षित घरांत वसई म्हटली कीं दोनच गोष्टी आठवतात. एक १७३९ चा विजय, दुसरी १८०२ सालच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं केलेला तह. एकीनें छाती फुगते, दुसरीनें मान खालीं जाते. ह्या दोहोंच्या मागें मात्र दोनशें वर्षांचा एक काळ आहे, आणि आपल्या शाळांच्या पुस्तकांत त्यास चार ओळींवर जागा मिळत नाहीं. १५३४ च्या डिसेंबरांत गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगिजांच्या हवालीं केली. पुढें दोनच वर्षांत तेथें कोटाचें काम सुरू झालें, आणि कोटाच्या आंत एक संबंध शहर उभें राहिलें. गोव्याच्या खालोखाल पोर्तुगिजांचें ह्या किनाऱ्यावरील वैभवाचें ठिकाण तें हेंच. आंत जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या पंथांचे मठ होते व प्रत्येकाचें स्वतंत्र देऊळ होतें. परंतु ह्या सर्वांहून वेगळें असें एक देऊळ होतें. तें कोणत्याही मठाचें नव्हतें. तें गांवाचें होतें. संत जोसेफ ह्याच्या नांवानें बांधलेल्या ह्या देवळास पोर्तुगीज भाषेंत 'मात्रिझ', म्हणजे मातृदेऊळ, म्हणत.

येथें एक शब्द समजून घेतला पाहिजे, नाहीं तर पुढील सर्व व्यर्थ. ख्रिस्ती धर्मांत गांवोगांवच्या भाविकांची जी वांटणी असते तिला इंग्रजींत पॅरिश म्हणतात. वसईकडील मराठी ख्रिस्ती मंडळींनीं तिला 'धर्मग्राम' असा फार सुंदर प्रतिशब्द योजिला आहे. मठाचें देऊळ संन्याशांचें असतें. धर्मग्रामाचें देऊळ संसारी माणसांचें असतें. मूल जन्मलें कीं त्याचा स्नानसंस्कार तेथें, लग्न तेथें, अखेरची प्रार्थना तेथें. ट्रेंट येथील धर्मसभेनें १५६३ सालीं ठरवून दिल्यापासून ह्या संस्कारांच्या नोंदी वहींत लिहिण्याचें कामही तेथील धर्मगुरूकडे आलें. आपल्याकडे गांवचा जोशी, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायाची वही, आणि ग्रामदैवताचें देवस्थान ह्या तीन गोष्टी एका छपराखालीं आणिल्या तर जें होईल, त्याच्या जवळपास ही संस्था आहे. म्हणून धर्मग्रामाचें देऊळ पडलें म्हणजे केवळ एक इमारत पडत नाहीं, तेथील माणसांचा हिशेब ठेवणारें घरच मोडतें.

ह्या मातृदेवळाचा आरंभ मात्र शुद्ध भक्तीचा नव्हे, आणि तें झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन ह्यानें ८ मार्च १५४६ रोजीं हिंदुस्थानांतील आपला गव्हर्नर जुआंव द कास्त्रो ह्यास एक पत्र धाडिलें. वसईस संत जोसेफचें देऊळ बांधावें, तेथें धर्मगुरू नेमावे, आणि पूर्वी मशिदींकडे जाणारें उत्पन्न त्यांच्याकडे वळवावें, अशी आज्ञा त्यांत आहे. त्याच पत्रांत मूर्तींचा व मूर्ति घडविणारांचा बंदोबस्त करण्याचीही आज्ञा आहे. एका हातानें देऊळ बांधणें व दुसऱ्या हातानें देऊळ मोडणें, हा त्या काळच्या फिरंगी राज्यनीतीचा एकच व्यवहार होता. पुढें १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशनचें न्यायासन बसलें आणि त्याचा वचक उत्तर कोंकणापर्यंत पोंचला. साष्टी व वसई प्रांतांतून किती कुटुंबें आपल्या देवांच्या मूर्ति घेऊन घाट चढून आलीं, किती मूर्ति विहिरींत लपविल्या गेल्या, ह्याच्या कथा आजही कोंकणांतील घराण्यांत सांगितल्या जातात. अशा घराण्यांतील वाचक आमचा हा लेख वाचीत असतील. त्यांना ह्या इमारतीचें कौतुक ऐकावयास जड जाईल हें आम्ही जाणून आहों, आणि त्यांनीं सर्व विसरून जावें असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं.

आतां इमारतीकडे वळूं. मूळचें देऊळ लहान असावें. कारण अर्धें शतक लोटल्यावर त्याची नव्यानें उभारणी करावी लागली. दरवाजाच्या वरच्या शिलालेखांत ती हकीकत थोडक्यांत कोरली होती: १६०१ सालीं, दों आलेश द मेनेझिश हे मुख्य धर्माध्यक्ष असतां आणि पेद्रु गाल्व्हांव पेरैर हे येथील धर्मगुरू असतां, ह्या मातृदेवळाचा जीर्णोद्धार झाला. हे मेनेझिश म्हणजे गोव्याचे आर्चबिशप. १५९९ सालीं मलबारांतील जुन्या सीरियन ख्रिस्त्यांना रोमच्या शिस्तींत आणण्यासाठीं उदयंपेरूर येथें ज्यांनीं धर्मसभा भरविली तेच. शिलालेखांत राजाचें नांव नसून धर्मगुरूचें आहे, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. पुढें लोक ह्या देवळास कॅथीड्रल म्हणूं लागले व आजही म्हणतात. वस्तुतः कॅथीड्रल म्हणजे बिशपाचें आसन, आणि पोर्तुगीज अमदानींत वसईस बिशप कधींच नव्हता. वसई गोव्याच्या आर्चबिशपाखालीं होती. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो १९९८ सालीं, आणि त्याचें मुख्य आसन कोटाबाहेर पापडी येथें आहे. मोठी इमारत दिसली कीं तिला मोठी पदवी चिकटविण्याची हौस सर्व धर्मांत सारखीच असावी.

आमच्या वऱ्हाडांतील हेमाडपंती देवळें ज्यानें पाहिलीं आहेत त्याला वसईचें हें देऊळ पाहतांना पहिला प्रश्न पडतो तो छपराचा. लोणारचें दैत्यसूदनाचें देऊळ घ्या. चुन्याचा थर न देतां दगडावर दगड बसविलेला, खांबावर तुळई, तुळईवर दगडी तख्तपोशी. दगडाची तुळई फार लांब करतां येत नाहीं, ती मध्येंच भंगते. म्हणून खांब जवळ जवळ येतात, मंडप अरुंद होतो, पण छप्पर शतकानुशतकें टिकतें. आपल्या देवळास अरुंद मंडप चालतो. कारण देऊळ हें देवाचें राहण्याचें घर आहे, माणसांनीं एकामागून एक यावें, दर्शन घ्यावें, प्रदक्षिणा घालावी आणि जावें. कीर्तनास गर्दी झाली तर खांबाआड बसावें लागतें, पण हरिदासाचा आवाज ऐकूं आला म्हणजे झालें.

ख्रिस्ती देवळाची गोष्ट उलट आहे. तेथें सर्व गांवानें एकाच वेळीं, एकाच दिशेस तोंड करून बसावयाचें असतें. वेदीवर चाललेला विधि प्रत्येकास दिसला पाहिजे, धर्मगुरूचें प्रवचन प्रत्येकास ऐकूं गेलें पाहिजे. म्हणून मधला दिवाणखाना लांब, रुंद आणि होतां होईतों खांबांवांचून मोकळा लागतो. युरोपांत मध्ययुगीन शिल्पकारांनीं ह्यासाठीं दगडी कमानींचीं छतें उभारलीं व त्यांच्या भारानें भिंती बाहेर कलूं नयेत म्हणून बाहेरून भक्कम टेकू दिले. कोंकणच्या किनाऱ्यावर हा खटाटोप क्वचितच केलेला दिसतो. बहुधा वेदीच्या लहानशा भागावर तेवढी दगडी कमान आणि मोठ्या सभागृहावर लांकडी कैच्या व कौलें, असा सुटसुटीत मार्ग येथें पत्करलेला आढळतो. लांकडास ह्या प्रांतांत तोटा नव्हता. वसईस जहाजें बांधण्याचा धंदाच चाले.

ह्या सोयीची किंमत पुढें द्यावी लागली. १६१८ च्या मे महिन्यांत ह्या किनाऱ्यावर जें भयंकर वादळ झालें त्यांत वसईच्या कांहीं मठांचीं छपरें उडून गेलीं. तेव्हां माणसें होतीं, पैसा होता, छपरें पुन्हां चढलीं. १७३९ नंतर चढविणारा कोणी राहिला नाहीं. लांकूड कुजलें किंवा दुसऱ्या कामास गेलें, कौलें फुटलीं. आज जें आपण पाहतों तें म्हणजे चार भिंती, एक उंच मनोरा आणि वर आभाळ. हेमाडपंती देऊळ पडतें तेव्हां दगड ढांसळून ढीग होतो. हें देऊळ मात्र उभ्यानेंच रिकामें झालें आहे.

भिंतींची रचनाही पाहण्याजोगी आहे. घडीव दगड फक्त कोपऱ्यांस, दाराखिडक्यांच्या चौकटींस आणि दर्शनी कमानींस. बाकी सर्व ओबडधोबड काळ्या दगडांची चुन्यांत बसविलेली भरणी, आणि वरून चुन्याचा गिलावा. गिलावा झडल्यावर आंतील भरणी उघडी पडली, म्हणून आज भिंत गरिबाघरची वाटते. मूळची ती पांढरी, गुळगुळीत आणि समुद्रावरून लांबून दिसणारी असली पाहिजे. वसईच्या काळ्या दगडाची कीर्ति मात्र त्या काळीं मोठी होती. गोव्यांत जांभा दगड मुबलक, पण तो पावसानें झिजतो व गिलाव्याखालीं ठेवावा लागतो. त्यावर नाजूक नक्षी टिकत नाहीं. म्हणून जुन्या गोव्यांत बॉम जेझुसचें प्रसिद्ध देऊळ बांधिलें, १५९४ ते १६०५ ह्या काळांत, तेव्हां त्याच्या दर्शनी भागाचा नक्षीदार दगड गलबतांतून वसईहून नेला. संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनास जगभरचे लोक ज्या दारांतून आंत जातात त्या दाराचा दगड उत्तर कोंकणाच्या खाणींतला आहे. तो फोडणारे, घडविणारे, गलबतांत चढविणारे हात बहुतेक आपल्याच मुलखांतील असले पाहिजेत. त्यांचीं नांवें कोणत्याही दारावर कोरलेलीं नाहींत.

आणखी एक गोष्ट आपल्या घरच्या मंडळीस धक्का देणारी आहे. ह्या देवळांत जमिनीखालीं माणसें पुरलेलीं आहेत. वेदीपासून थोड्या अंतरावर मृतांस मूठमाती द्यावी व वर नांवाची शिळा बसवावी, ही मध्ययुगीन ख्रिस्ती रीत पोर्तुगिजांनीं इकडे आणिली. कोटांतील फ्रान्सिस्कन देवळांत अशा कोरीव शिळांची रांगच्या रांग आहे. त्यांवरील कुलचिन्हें, साल आणि घराण्याचीं नांवें अजून वाचतां येतात. आपल्या सोवळ्याच्या कल्पनेस देव आणि प्रेत एका छपराखालीं आणणें सोसत नाहीं. पण त्या लोकांची दृष्टि अशी कीं जिवंतपणीं ज्या जागीं बसून प्रार्थना केली तेथेंच मेल्यावर निजावें, म्हणजे वरून चालणाऱ्या नातवंडांच्या प्रार्थनेचा वांटा आपणासही मिळेल. श्राद्धपक्ष पाळणाऱ्या घरांत हा विचार अगदींच परका वाटूं नये. दोन्ही पद्धतींत वंशजांनीं आठवण ठेवावी एवढीच मागणी आहे.

घंटेविषयींही असाच एक भेद आहे. आपल्याकडे भक्त देवळांत शिरतांना स्वतः घंटा वाजवितो; 'देवा, मी आलों' असें तो देवास कळवितो. ख्रिस्ती देवळांत घंटा मनोऱ्यावर असते, ती देवळाचा सेवक वाजवितो, आणि तिचें बोलणें देवाशीं नसून गांवाशीं असतें: सकाळ, दुपार, संध्याकाळ तीन वेळां प्रार्थनेची आठवण, कोणी वारलें तर मृत्यूची खबर, आग लागली किंवा शत्रु आला तर इशारा. नारोशंकराच्या देवळांत टांगली गेली तेव्हां त्या घंटेचा आवाज तोच राहिला, पण तिनें बोलण्याची दिशा बदलली.

१७३९ च्या वेढ्याची हकीकत आमच्या वाचकांस ठाऊक आहे. ती येथें फिरून सांगत नाहीं. १७३७ सालीं साष्टींत सुरू झालेली मोहीम मे १७३९ मध्यें वसईच्या तटास सुरुंग लावून संपली, दोन्ही बाजूंचे लोक फार पडले, आणि चिमाजीअप्पांनीं केलेल्या नवसाप्रमाणें वज्रेश्वरीचें देऊळ उभें राहिलें. आम्हांस सांगावयाचें आहे तें शरणागतीच्या करारांतील एक कलम. पोर्तुगीज शिबंदीनें शस्त्रांसह व कुटुंबांसह निघून जावें, हें तर त्यांत आहेच. शिवाय जे ख्रिस्ती लोक मागें राहूं इच्छितील त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी, आणि शहरांत, वसईच्या बेटांत व साष्टींत कांहीं देवळें चालू ठेवावीं, अशीही अट आहे, आणि मराठ्यांनीं ती मान्य केली. ज्या शत्रूनें आपलीं देवळें पाडलीं त्याच्याशीं झालेल्या करारांत विजेत्यानें हें कलम राहूं दिलें, ह्याचा अभिमान आम्हांस त्या घंटांपेक्षां अधिक वाटतो.

कलम पाळलें गेलें काय? पूर्णपणें पाळलें गेलें असें म्हणतां येणार नाहीं. पुष्कळ देवळें ओस पडलीं, घंटा गेल्या, इनामें बंद झालीं. तथापि १७६० च्या सुमारास आंकेतील द्यु पेराँ हा फ्रेंच पंडित, ज्यानें पुढें पारशांच्या अवेस्ताचें भाषांतर युरोपास दिलें, तो साष्टींतून प्रवास करीत होता. मराठ्यांच्या राज्यांत ख्रिस्ती लोक आपले विधि व उत्सव उघडपणें करीत आहेत आणि त्यांचे धर्मगुरू देशी आहेत, असें त्यानें नमूद करून ठेविलें आहे. गोऱ्या पाद्र्यांचे मठ गेले, पण काळ्या-सांवळ्या माणसांचा धर्मग्राम राहिला. आमच्या मतें ह्या सर्व हकीकतींतील मुख्य गोष्ट ही आहे.

कारण कोटाच्या आंत आणि बाहेर पाहतांच तिचा पडताळा येतो. आंतलें भव्य मातृदेऊळ राज्यकर्त्यांचें होतें. त्याची माणसें गलबतांत बसून गेलीं आणि तें एका पावसाळ्यांत निराधार झालें. कोटाबाहेर मात्र सांडोर, नंदाखाल, पापडी अशा गांवांतील देवळें, जीं अनुक्रमें १५६६, १५७३ व १५७४ चीं मानतात, तीं शेतकऱ्यांचीं, कोळ्यांचीं, बागाइतदारांचीं होतीं. तीं जळलीं, पडलीं, पुन्हां बांधलीं गेलीं. इमारती नव्या झाल्या, पण धर्मग्राम अखंड राहिला. त्या घरांत आजही मराठीच्या सामवेदी, वाडवळी वगैरे बोल्या बोलल्या जातात, आणि कित्येक घरांत चर्चला 'देऊळ' असेंच म्हणतात. म्हणूनच आम्हीही हा शब्द ह्या लेखांत बिनदिक्कत वापरला आहे. राज्य चारशें वर्षें टिकलें नाहीं. भाषा टिकली, आणि ती आपली होती. फिरंग्यांनींही आपणांस 'चावी', 'पगार', 'लिलाव', 'घमेलें' हे शब्द देऊन ठेविले आहेत, ते आपण कोणत्याही तहावांचून वापरीत असतों.

हा मराठीचा धागा किती चिवट आहे तें दोन उदाहरणांवरून दिसेल. इंग्लंडांत जन्मलेल्या फादर स्टीफन्सनें गोव्याच्या साष्टींत राहून, आपल्या पुराणांच्या धर्तीवर, ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचिलें. तें १६१६ सालीं राशोल येथें छापून निघालें. आणि त्यानंतर चार शतकांनीं, २०२० सालीं उस्मानाबादेस भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांना मिळालें. 'सुवार्ता' मासिकाचें संपादन करून व बायबल सुबोध मराठींत आणून ज्यांनीं आपल्या भाषेची सेवा केली ते हे धर्मगुरू २०२४ च्या जुलैंत निवर्तले. त्यांच्या अध्यक्षपदास विरोध करणारी पत्रें व निरोप त्या वेळीं निघाले होते, ही गोष्ट मराठी माणसास भूषणावह नाहीं. ज्या १७३९ चा आधार घेऊन कांहीं मंडळी बोलत होतीं, त्या १७३९ च्या करारांतील वरचें कलम त्यांनीं वाचलें नसावें.

वसईच्या ह्याच कोटाच्या गांवांत सोळाव्या शतकाच्या मध्यास गोन्सालो गार्सिया जन्मला. जपानांत प्रथम व्यापारी म्हणून व पुढें फ्रान्सिस्कन पंथाचा सेवक म्हणून गेलेला हा मनुष्य ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रुसावर मारला गेला, आणि १८६२ सालीं रोमनें त्यास संतपद दिलें. हिंदुस्थानांत जन्मलेला तो पहिला संत. कोटांतील जेझुइटांच्या देवळास अलीकडे छप्पर घालून तेथें त्याचा उत्सव होतो. म्हणजे एक छप्पर परत चढलें आहे.

मातृदेवळावर छप्पर चढावें, असें मात्र आमचें मत नाहीं. पडकी इमारत नवी करण्याच्या भरांत जुनीचा पुरावा पुसला जातो, हें आपण कित्येक हेमाडपंती देवळांना तैलरंग फांसून सिद्ध केलें आहे. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं हा कोट आहे व मधून मधून डागडुजी होते. खरा शत्रु आहे तो पिंपळ. पक्ष्यांनीं टाकलेलें बीं मनोऱ्याच्या भेगेंत रुजतें, मूळ चुन्यांत शिरतें, आणि वीस वर्षांत जें काम तोफेनें झालें नसतें तें तो करून टाकतो. रोपटें वीतभर असतांनाच उपटलें तर कांहीं नुकसान होत नाहीं. झाड झाल्यावर तोडलें तर कुजलेल्या मुळाच्या जागीं पोकळी राहून भिंतच खचते. आपल्या घरांतून पिंपळास हात लावणें पाप मानतात. पण अश्वत्थाचें पूजन पाराशीं करावें, भिंतींत नव्हे, इतका विवेक आमच्या आजीलाही होता. ती आमच्या वाड्याच्या गच्चीवरील रोपें दर भाद्रपदांत नमस्कार करून स्वतः उपटीत असे.

ज्यांना हें देऊळ पाहावयाचें असेल त्यांनीं पावसाळा संपल्यावर, दसऱ्यानंतर जावें; तेव्हां रान उतरलेलें असतें व भिंतींचे बांधकाम स्पष्ट दिसतें. पश्चिम रेल्वेच्या वसई रोड स्टेशनावरून किल्ल्याकडे बसगाड्या जातात. कोटांत शिरण्यापूर्वी मुलांना डॉक्टर गर्सन द कुन्य ह्या मूळच्या गोमंतकीय गृहस्थानें १८७६ सालीं लिहिलेल्या चौल-वसईच्या इतिहासाविषयीं दोन शब्द सांगावे, कारण आपण जें कांहीं आज जाणतों त्याचा बराच भाग त्यानें वैद्यकीच्या धंद्यांतून सवड काढून गोळा केलेला आहे. आंत गेल्यावर प्रथम मातृदेवळाच्या मध्यभागीं उभें राहून एकदां टाळी वाजवावी आणि ती किती मोकळ्या जागेंत पसरते तें ऐकावें. मग मनोरा पाहावा. वर घंटा नाहीं. ज्या कमानींत ती टांगलेली असे त्या कमानींतून आतां खाडीवरचा वारा येतो, आणि पलीकडे कोळ्यांच्या होड्या दिसतात.